होस्टिंग घेताना आधी चोरदरवाजा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडकिल्ले फिरणाऱ्यांचा एक जुना ग्रुप. सदस्य चारेक हजार, बरेचसे पुण्या-मुंबईचे, काही नाशिक-कोल्हापूरचे, शे-दोनशे परदेशात. आजवर सगळं फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालत आलंय. कुठल्या गडावरच्या टाक्याला एप्रिलमध्ये पाणी असतं, कुठली वाट दरडीनं बंद झाली, कुठल्या वाडीत जेवायची सोय होते, ही माहिती रोज लिहिली जाते आणि रोज वर सरकून नाहीशी होते. म्हणून स्वतःचं चर्चास्थळ काढायचं ठरलंय. बजेट वर्षाला १५,००० रुपये, आणि विचारलंय एवढंच की भरवशाची होस्टिंग कंपनी, म्हणजे स्थळासाठी सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी, कुठली?

कंपन्यांची नावं शेवटी सांगतो. नावापासून सुरुवात केली की बाकीचं काही विचारायचं राहून जातं. गेली १७ वर्षं मी मराठी संकेतस्थळांचे सर्व्हर सांभाळतोय. एवढ्या काळात चांगल्या कंपन्या विकल्या गेलेल्या पाहिल्या, स्वस्त प्लॅन दुसऱ्या वर्षी तिप्पट झालेले पाहिले, फोन उचलणारी माणसं जाऊन तिथे ठरावीक उत्तरं देणारी खिडकी आलेली पाहिली. त्यामुळे आता मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघतो: इथून उद्या निघायचं झालं, तर सगळं सामान घेऊन एका दिवसात निघता येईल का? तुम्ही गडांवर फिरणारी मंडळी. महादरवाजा बांधणाऱ्यांनी चोरदरवाज्याचाही तेवढाच विचार केलेला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. २००० नंतरच्या काही वर्षांत कितीतरी ट्रेकिंग ग्रुपांचा पत्रव्यवहार याहू ग्रुप्सवर चालायचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूनं जाहीर केलं की जुना मजकूर काढून टाकणार. आधी १४ डिसेंबरची मुदत दिली, आरडाओरडा झाल्यावर ती ३१ जानेवारी २०२० केली, आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच बंद झाली. त्याआधी ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. या तिन्ही ठिकाणी सर्व्हर उत्तम चालत होते. तांत्रिकदृष्ट्या यांच्याइतकं भरवशाचं काही तुम्हाला विकत घेता येणार नाही. तरी लोकांचं लिखाण गेलं, कारण किल्ली त्यांच्याकडे नव्हती. मायबोली आणि मिसळपाव ही मराठी चर्चास्थळं बघा: पहिलं १९९६ पासून, दुसरं २००७ पासून चालू आहे. दोन्ही आपापल्या नावावर आणि आपापल्या डेटाबेसवर, म्हणजे सगळं लिखाण साठवणाऱ्या कोठारावर, उभी आहेत.

आता तुमच्यासमोर ढोबळमानानं तीन रस्ते आहेत. पहिला, शेअर्ड होस्टिंग: एका मोठ्या मशीनवर शेकडो बिऱ्हाडं. दुसरा, व्हीपीएस: मशीनचा ठरावीक तुकडा तुमचा, आत काय बसवायचं ते तुम्ही ठरवायचं. तिसरा, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच चालवून दिलेली सेवा: तुम्ही फक्त सदस्य सांभाळायचे. तिसरा रस्ता सगळ्यात निवांत, पण डॉलरमध्ये दरमहा जे मोजावं लागतं ते तुमच्या बजेटबाहेरचं आहे, म्हणून तो सोडून देतो.

शेअर्ड होस्टिंगच्या जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं. जागा अनलिमिटेड असली तरी एका क्षणी किती विनंत्या हाताळल्या जातील यावर मर्यादा असते, आणि फाइलींच्या संख्येवरही. पुष्कळ ठिकाणी एका खात्याला एका वेळी २० प्रोसेस, म्हणजे सर्व्हरवर एकाच वेळी चालणारी कामं, एवढीच परवानगी असते. ती ओलांडली की वाचकाला ५०८ क्रमांकाचा एरर दिसतो. एरवी २० पुरतात. पण तुमचे सदस्य कसे येणार, याचा विचार करा. रविवारी रात्री कुणीतरी ट्रेकचा वृत्तांत टाकणार, त्याची लिंक दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जाणार, आणि पाच मिनिटांत तीनशे माणसं तेच पान उघडणार. मराठी स्थळांवर अशी गर्दी दिवाळी अंकाच्या दिवशीही होते. एका वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमचा अंक प्रकाशित झाला आणि सकाळी आठला होस्टनं सीपीयू जास्त वापरला म्हणून खातंच गोठवलं. लेखकांचे फोन येत होते, आणि कंपनीकडे नोंदवलेल्या तक्रारीला उत्तर आलं भाऊबीजेला. कंपनीनं नियमाबाहेर काही केलं नव्हतं, नियम करारात लिहिलेला होता. आम्ही तो वाचला नव्हता.

म्हणून घेण्याआधी 'वाजवी वापर' या नावाचं पान काढा आणि त्यात एकाच वेळच्या प्रोसेस, फाइलींची संख्या आणि डेटाबेसचा आकार हे तीन आकडे शोधा. आकडे दिलेलेच नसतील तर तिथे पैसे भरू नका.

९९.९ टक्के अपटाइमच्या, म्हणजे स्थळ तेवढा वेळ चालू राहील या, हमीबद्दल बरेच जण विचारतात. हिशोब सोपा आहे. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं बंद, ९९ म्हणजे सव्वासात तासांच्या आसपास. हमी मोडली तर मिळतो तो त्या महिन्याच्या भाड्यातला काही भाग, तोही बहुधा पुढच्या बिलात वळता केलेला. तुमच्या स्थळाला महिन्यातून तासभर बंद राहणं परवडेल. दहा वर्षांचं लिखाण जाणं परवडणार नाही. माझ्या लेखी भरवसा मोजायचा तो या दुसऱ्या गोष्टीवर.

इथे मराठी स्थळांची एक खास अडचण सांगितली पाहिजे, कारण इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडत नाही. अक्षरं साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. डेटाबेस किंवा त्याचा बॅकअप फक्त रोमन लिपीसाठीच्या जुन्या 'लॅटिन-१' पद्धतीचा समजून उघडला गेला, की ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून छापले जातात. मग पडद्यावर काय दिसतं? प्रत्येक अक्षराच्या जागी, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', पुढे चार कोपऱ्यांना चार काड्या फुटलेलं एक गोल चिन्ह, आणि मग काहीतरी तिसरंच. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडलेलं अक्षर आलं की त्या गोलाच्या जागी जपानी येनचं चिन्ह. २०११ साली एक स्थळ एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना मी हे चाळीस हजार प्रतिसादांवर पाहिलं. त्या येनच्या चिन्हांवरूनच मला कळलं की अक्षरं मेलेली नाहीत, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसतायत, आणि दोन रात्री बसून ती परत मिळवली. पण हे लक्षात यायच्या आत आम्ही तोच मजकूर आणखी एकदा त्याच चुकीच्या पद्धतीनं निर्यात केला होता, आणि पुढे त्यातल्या चर्चेच्या काही धाग्यांचे तुकडे पडले ते पडलेच. एका काकांनी त्यांच्या गावच्या बोलीतले शब्द दोन वर्षं खपून गोळा केले होते, तो धागा त्यात होता.

मायएसक्यूएल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये आणखी एक खाच आहे. त्यात ज्याला नुसतं 'यूटीएफ-८' म्हणत, ते फक्त तीन बाइटपर्यंतच जात असे. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही, कारण ते चार बाइटचं. सदस्यानं वृत्तांताच्या मध्येच एक हसरा चेहरा टाकला की तिथून पुढचा मजकूर कापला जायचा, किंवा लेख जतनच व्हायचा नाही. यावरचा उपाय, यूटीएफ८एमबी४, २०१० सालच्या ५.५.३ आवृत्तीत आला आणि ८.० पासून तोच मूळ पर्याय झाला. तरी जुन्या शेअर्ड सर्व्हरांवर अजून मागची पद्धत भेटते. होस्टला पैसे देण्याआधी त्यांच्या विक्री विभागाला दोन प्रश्न लेखी विचारा: डेटाबेसची आवृत्ती कुठली, आणि मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) कुठला. उत्तर चोवीस तासांत नेमकं आलं, तर त्यांच्या सपोर्टचीही परीक्षा झालीच.

शोधाबद्दलही आधीच मनाची तयारी ठेवा. तुमच्या सदस्यानं 'पाणी' शोधलं तर 'पाण्याची सोय आहे' असं लिहिलेला लेख बहुतेक सॉफ्टवेअरना सापडत नाही, कारण त्यांना आपलं सामान्यरूप माहीत नसतं. 'गड' शोधल्यावर 'गडावर' कदाचित सापडेल, 'टाकं' शोधल्यावर 'टाक्यात' सापडणार नाही. हा होस्टचा दोष नाही, पण व्हीपीएसवर डेटाबेस हातात असेल तर पुढेमागे यावर काही करता येतं. शेअर्डवर ते जवळपास अशक्य.

जागा किती लागेल, हा प्रश्न मजकुरासाठी क्षुल्लक आहे. एक लाख प्रतिसाद, प्रत्येकी पाचशे अक्षरं, प्रत्येक अक्षर तीन बाइट: सगळे मिळून १५० एमबी. तुमच्या ग्रुपचं दहा वर्षांचं लिखाण एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावेल. फोटोंची गोष्ट वेगळी. मोबाइलमधला फोटो ४ एमबीचा, असे ५०,००० झाले की २०० जीबी. चढवतानाच त्यांची रुंदी १६०० पिक्सेलवर आणली तर ते प्रत्येकी ४०० केबीच्या आत येतात, म्हणजे एकूण २० जीबी. ही सेटिंग पहिल्या दिवशी करा, नंतर करायला जीव जातो. फोटोत दडलेलं जीपीएस स्थानही त्याच पायरीवर पुसलं जाईल असं बघा. घरून टाकलेल्या फोटोतून घराचा पत्ता जाऊ नये, आणि गिधाडांच्या घरट्याची जागाही जाऊ नये.

बॅकअपवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्सच्या स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या आवारात आग लागली. पाच मजली इमारत सर्व्हरांसकट जळाली. माणसं वाचली, हे मोठंच. पण ज्यांनी बॅकअप त्याच आवारात ठेवला होता, त्यांच्यातल्या अनेकांचा मूळ डेटा आणि प्रत दोन्ही एकाच रात्री गेले. तुम्ही होस्टकडे बॅकअपची सोय टिचकी मारून चालू करता तेव्हा ती प्रत कुठल्या इमारतीत जाते, हे विचारलंय का? शक्यता अशी की तुमच्या सर्व्हरच्या शेजारच्या रॅकमध्ये.

दुसरी गोष्ट गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणाऱ्या कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती त्यांनी ठरवलेल्या होत्या, आणि वेळ आली तेव्हा एकही धड चालत नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगानं हाताशी होती म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. सर्व्हर सांभाळायची ज्यांची रोजची रोजीरोटी, त्यांचं हे झालं. आपण तर रात्री जेवणं झाल्यावर हे काम करतो.

तुमच्यासाठी पद्धत साधी ठेवा. रोज पहाटे तीनला डेटाबेसची प्रत निघावी आणि ती वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या शहरातल्या साठ्यावर जावी. महिन्यातून एकदा कुणीतरी ती आपल्या घरच्या हार्ड डिस्कवर उतरवावी. सर्व्हरला त्या साठ्यात नवीन फाइल टाकता यावी, पण जुनी पुसता येऊ नये, म्हणजे सर्व्हर कुणी फोडला तरी प्रती शाबूत राहतील. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत एका कोऱ्या मशीनवर उभी करून बघा. उभी राहिल्यावर एखादा जोडाक्षरांनी भरलेला जुना लेख उघडायचा, मी नेहमी 'त्र्यंबक' आणि 'ज्ञ' असलेला उघडतो, आणि इमोजीवाला एक प्रतिसाद. दोन्ही नीट दिसले की झालं.

ईमेल हा असा विषय आहे की सुरुवातीला कुणी त्याच्याकडे बघत नाही, आणि मग पहिल्याच आठवड्यात तक्रारी येतात: नोंदणी केली, पण मेल आलाच नाही. बऱ्याच क्लाउड कंपन्या नव्या खात्यांवर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरवरून मेल बाहेर जायची वाट, बंद ठेवतात, स्पॅमर येऊ नयेत म्हणून. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं मेल स्वीकारण्याचे नियम कडक केलेत. मेल खरोखर तुमच्याच स्थळाच्या नावानं आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी नसतील तर तुमचा मेल जीमेलच्या स्पॅममध्ये जाईल किंवा परत येईल. स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवायचा हट्ट धरू नका. मेल पाठवून देणारी वेगळी सेवा घ्या आणि एसपीएफ, डीकेआयएम आणि त्या न जुळल्यास मेलचं काय करायचं ते सांगणारी डीमार्क, या तिन्ही नोंदी डोमेनमध्ये (म्हणजे स्थळाच्या नावाच्या सेटिंगमध्ये) घाला. अर्ध्या तासाचं काम आहे.

डोमेन होस्टकडून घेऊ नका, 'पहिलं वर्ष फुकट' असेल तरी. डोमेन एका ठिकाणी आणि सर्व्हर दुसऱ्या ठिकाणी असला, की होस्टशी वाजलं तरी नाव तुमच्या हातात राहतं आणि ते तासाभरात दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येतं. आणि ते ग्रुपच्या सामायिक ईमेलवर नोंदवा, कुणा एकाच्या खासगी पत्त्यावर नको. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या स्थळांपैकी निम्म्यांचं कारण तांत्रिक नव्हतंच. डोमेन ज्यांच्या नावावर होतं ते संपर्कात राहिले नव्हते.

पैशांबाबत भारतातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले. तेव्हापासून परदेशी कंपन्यांची दरमहाची वजावट आपल्या कार्डांवर अनेकदा नाकारली जाते. एका साहित्यविषयक स्थळाचं असंच झालं. कार्ड तीन महिने नाकारलं जात होतं, इशाऱ्याचे मेल अमेरिकेला गेलेल्या एका जुन्या सभासदाच्या न वापरत्या पत्त्यावर जात होते, आणि एके दिवशी सर्व्हर बंद झाला. पुढे कंपनीच्या नियमाप्रमाणे तो पुसलाही गेला. नऊ महिन्यांपूर्वीची प्रत माझ्या लॅपटॉपवर निघाली म्हणून तेवढं तरी वाचलं. परदेशी कंपनी घेतलीत तर वर्षाचे पैसे एकदम आगाऊ जमा ठेवा, आणि बिलाचे मेल किमान तिघांना जातील असं करा.

कायद्याचं थोडक्यात. सदस्यांचं लिखाण तुम्ही छापता म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही मध्यस्थ ठरता. सदस्यांच्या लिखाणाची जबाबदारी तुमच्यावर येऊ नये यासाठी कलम ७९ चं संरक्षण हवं असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क स्थळावर ठळक द्यावा लागतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यावर काय घडलं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. शेअर्ड होस्टिंगवर लॉग बहुधा काही दिवसांत फिरवून टाकलेले असतात, हेही एक कारण व्हीपीएसकडे वळायचं.

आता निवड. तुमच्या जागी मी २ जीबी रॅमचा व्हीपीएस घेईन, आणि तो भारतात, कारण तुमचे बहुतेक वाचक इथे आहेत. पुण्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन यायला प्रत्येक विनंतीला साधारण पाव सेकंद लागतो, आणि एका पानात अशा बऱ्याच फेऱ्या होतात. लिनोडचं मुंबईत केंद्र आहे, डिजिटलओशनचं बंगळूरमध्ये, अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून. या आकाराला महिना १२ डॉलरच्या आसपास पडतात. वर्षाचे १४४ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तुमचे १५,००० इथेच संपले. डोमेन, बॅकअपचा साठा आणि मेल धरून २०,००० ची तयारी ठेवा. चार हजार सदस्यांत डोई पाच रुपये होतात. तिघांपैकी कुणीही चालेल. डेटाबेस उचलून एकाकडून दुसऱ्याकडे नेता येतो म्हणूनच मी या प्रकारच्या कंपन्या सांगतोय.

चर्चास्थळाचं सॉफ्टवेअर डिस्कोर्स घ्या किंवा पीएचपीबीबी. डिस्कोर्स मोबाइलवर छान चालतं, पण त्याला डॉकर (सॉफ्टवेअर बंद खोक्यात चालवायची सोय) लागतं, ते शेअर्डवर बसत नाही, आणि २ जीबी हा आकडा मी त्याच्यामुळेच सांगितला. पीएचपीबीबी २००० सालापासूनचं, दिसायला जुनाट, पण हलकं. दोन्हींतून सगळा डेटा पूर्ण बाहेर काढता येतो. तुमच्यात कमांड लाइनला, म्हणजे आज्ञा टाइप करून सर्व्हर चालवायला, न घाबरणारी दोन माणसं असतील तर डिस्कोर्स. एकच असेल तर पीएचपीबीबी, आणि पहिल्या वर्षात दुसरं माणूस तयार करा.

स्थळ सगळ्यांसाठी उघडण्याआधी एक रविवार राखून ठेवा. शंभरेक खोटे लेख आणि फोटो टाका, प्रत काढा, सर्व्हर पूर्ण पुसा आणि दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तेच स्थळ उभं करा. ज्यानं पहिला सर्व्हर लावला त्यानं यात हात लावायचा नाही, दुसऱ्यानं लिहिलेल्या टिपणावरून करायचं. संध्याकाळपर्यंत जमलं तर सोमवारी सदस्यांना बोलवा. अडलं तर आलेला एरर मला जसाच्या तसा मजकूर म्हणून पाठवा, पडद्याचा फोटो नको, आणि सोबत डेटाबेसची आवृत्ती लिहा.